गोळीचं उद्यापन

अनसाआत्यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या सरळ आमच्या खोलीत आल्या, गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय? पिवळं पाणी?"

ते मी केलेलं वरण होतं. दादा आणि मी पुण्याजवळच्या भरे गावात नुकतेच राहायला आलो होतो. दादाला उरवड्याच्या एका कंपनीत काम मिळालं होतं आणि मला पिरंगुटच्या कॉलेजात प्रवेश. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे गावाहून निघताना आईने खूप सूचना दिल्या होत्या. घरमालकीण येऊन पातेल्याची झाकणं उचलेल तेव्हा काय करायचं, हे त्यात नव्हतं. मी नुसती उभी राहिले. आत्या गेल्या आणि थोड्या वेळाने वाटीभर काळ्या मसाल्याची आमटी घेऊन परत आल्या. "खा. लाजू नको, तुझं पोट मला हितनं दिसतंय."

पुढे कळलं की त्या सगळ्याच भाडेकरूंची झाकणं उचलतात. त्यांच्या घरासमोर खोल्यांची एक ओळ होती. रस्त्यालगतचं रान विकल्यावर बांधलेली. त्यात आमच्यासारखे कंपनीत जाणारे होते, ऑफिसात जाणारं एक नागपूरकडचं जोडपं होतं. कुणाच्याही घरात जाताना आत्या दार वाजवायच्या नाहीत. पातेलं बघायचं, नाक मुरडायचं आणि मग काहीतरी आणून द्यायचं, असा तो क्रम होता. खरं तर त्या गावच्या सूनबाई, रिहे गाव त्यांचं माहेर. तिथला एक भाऊ वारल्यावर त्याच्या मुलाला त्यांनी इथे आणून वाढवलं. तो त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून खोल्यांमधले सगळे आत्या म्हणू लागले. तो भाचा आता नाशिकला नोकरीला असतो.

आत्या उंच आणि काटकुळ्या. भातखाचरात चालायला लागल्या की मला त्यांच्यामागे पळावं लागायचं. स्वतः जेवायच्या सर्वांत शेवटी, पण जेवायच्या मन लावून. दुधावरची साय त्यांची. मटणाच्या रश्श्यावरचा तवंग डावाने अलगद काढून त्या आपल्या भातावर घ्यायच्या. "खालचं पाणी तुमाला, वरचं सोनं मला," असं म्हणून हसायच्या.

तात्या, म्हणजे त्यांचे यजमान, अगदी उलट. जाडजूड, पोट सुटलेलं, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांना काही विचारलं की ते उत्तराऐवजी कमरेची चंची काढायचे, तंबाखू मळायचे, आणि तोवर विचारणारा कंटाळून निघून जायचा. "पाणी," एवढा शब्द मात्र ते दिवसातून बऱ्याचदा उच्चारायचे, आणि आत्या हातातलं काम टाकून तांब्या आणून द्यायच्या. तांब्याभर पाणी तात्यांनी स्वतः उठून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

एकदा शाळेत रक्त तपासायचं शिबिर झालं. आत्या तात्यांना घेऊन गेल्या, कारण त्यांचं पोट. आणि आल्यासारखं आपलंही रक्त देऊन आल्या. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

"ए कॉलेज, वाच."

मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण आकड्यांपुढे वर जाणारे बाण होते, आणि नाव स्पष्ट होतं. "आत्या, तुमचं कोलेस्टेरॉल जास्त आहे. बरंच जास्त दिसतंय."

"माजं का ह्यांचं?"

"तुमचं. तात्यांचं ठीक आहे."

"नीट वाच. पोट कुणाचं हाय त्ये बघून वाच."

ओट्यावरचे सगळे हसले. तात्यांनी चंची काढली. मीही पुन्हा वाचलं, कारण मलाही ते खरं वाटत नव्हतं. तोपर्यंत मी समजत होते की हा जाड माणसांचा आजार आहे.

तात्या काही बरोबर जाणार नव्हते, म्हणून पिरंगुटला डॉक्टर मॅडमकडे आत्यांनी मला नेलं. आत शिरल्या शिरल्या त्यांनी आपला हात टेबलावर आडवा ठेवला. "मॅडम, हितं चरबी कुटं हाय, बोट ठिवून दावा. मिशीननं अदलाबदल केलीया."

मॅडमनी वाद घातला नाही. पुन्हा तपासणी केली. तेच आलं. मग त्यांनी विचारलं, "माहेरी कुणी कमी वयात अचानक गेलंय का?"

आत्यांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

"दोन भाऊ," त्या म्हणाल्या. "थोरला भाताची चिखलणी करताना पडला. धाकटा एष्टीत बसला व्हता, उतरलाच न्हाई. चाळिशीत व्हते दोघं."

"काय झालं होतं, कळलं का?"

"लोकं म्हनली, बाहेरचं झालं. भगत आणला, घराला बंधन घातलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हळूहळू समजावलं. हे कोलेस्टेरॉल खाण्यातून येतं तसंच शरीरही ते तयार करतं, आणि काही घरांमध्ये ते जन्मापासूनच जास्त असतं. माणूस बारीक असला तरी रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. पथ्य पाळायचं, पण तुमच्या बाबतीत नुसत्या पथ्याने भागणार नाही. गोळी रोज घ्यायची. कायमची. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. आणि भावांच्या मुलांनीही रक्त तपासून घ्यायचं.

इतकी वर्षं एका घराने ज्याला करणी समजलं, ते रक्ताच्या एका तपासणीत दिसलं असतं. परत येताना जीपमध्ये आत्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी भगत आमचं कोंबडं फुकटच घिऊन गेला की." घरी पोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते भाच्याला फोन करून शिव्या घालण्याचं. उद्याच्या उद्या रक्त दे, नाहीतर मी नाशिकला येते, असं म्हणाल्यावर तो घाबरून तयार झाला. त्याचंही जास्त निघालं आणि त्यालाही गोळी सुरू झाली.

आत्यांनी गोळी सुरू केली ती सोमवार बघून. अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून. गोळ्यांची पाकिटं त्यांनी देवघरात हळदी-कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवली. संध्याकाळचा दिवा लावला की हात जोडायच्या, गोळी तोंडात टाकायच्या. रिकामी पाकिटं टाकत नसत, डब्यात जपून ठेवत. मला ते पाहून बरं वाटायचं. आमचे बाबा बीपीची गोळी डोकं दुखलं तरच घेतात. त्यामानाने आत्या किती नेमाने घेतात, असं मी आईला फोनवर सांगितलंही होतं.

पथ्य तर असं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. साय बंद, तवंग बंद, तळलेलं बंद, डालड्यातली खारी आणि बटर बंद. तेल ओतायचं नाही, पळीने घालायचं. नाचणीची भाकरी, हुलगे, पालेभाजी, जवसाची चटणी. नागपूरच्या वहिनींनी ओट्स आणून दिले, ते त्यांनी शिजवून खाल्ले आणि म्हणाल्या, "ह्ये घोड्याला घातलं तर घोडं इचारंल, माजी चूक काय झाली?" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ले. उपवासाला साबुदाणा-शेंगदाण्याची खिचडी सोडून त्या थोडी भगर आणि ताक घेऊ लागल्या, तेव्हा तर आळीतल्या बायका हबकल्या.

गावच्या यात्रेला त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी मटणाचं मोठं पातेलं चढलं. स्वयंपाक आत्यांचाच, पण चव बघायला मला बोलावलं.

मी रस्सा चाखला. "बरोबर आहे, आत्या."

"बरुबर म्हंजी? मीठ कमी का जास्त, त्ये सांग. कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

"थोडं कमी वाटतंय. कदाचित."

"कदाचित टाकू का मूठभर?" त्या ओरडल्या. तवंग डावाखाली थरथरत होता. त्यांनी तो काढला आणि माझ्या ताटात घातला. "तू खा. मला यंदा चालत न्हाई. माजं व्रत हाय."

त्या 'यंदा'कडे मी लक्ष दिलं नाही. सगळेच व्रत म्हणत होते, मला ते कौतुकाने म्हटल्यासारखं वाटलं.

वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं. मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि खुशीत म्हणाल्या, "छान! अगदी आटोक्यात आलंय. असंच चालू ठेवा." आत्यांनी तिथेच मॅडमच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला. आल्यावर ओट्यावर जाहीर केलं, "जिंकलं म्या."

मग एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या. झाकण उचललं, नाक मुरडलं. "शुक्रवारी दुपारी जेवायला ये. सवाष्णी घालतीया, तू कुमारिका म्हणून. उद्यापन हाय."

कसलं, ते मी विचारलं नाही. बायकांची उद्यापनं चालूच असतात.

शुक्रवारी कॉलेजातून आले तर दारात रांगोळी, आत पाटांची ओळ. बायका नवी लुगडी आणि साड्या नेसून बसल्या होत्या. मी पाय धुऊन आत गेले आणि चौरंगाकडे पाहिलं. कलश होता, नारळ होता, फुलं होती. आणि त्यांच्यासमोर, लाल दोऱ्यात ओवलेली, हळद-कुंकू वाहिलेली, वर्षभराची रिकामी गोळ्यांची पाकिटं होती.

मी दारातच थांबले. "आत्या, हे काय आहे?"

"गोळीचं उद्यापन," त्या अभिमानाने म्हणाल्या. "वर्सभर निष्ठेनं केलं. एक दिस चुकवला न्हाई. मॅडमनी सोता सांगितलं, आटोक्यात आलं. आज सोडायची."

"पण मॅडम म्हणाल्या होत्या ना, कायमची म्हणून?"

"अगं, कायमचं कुटलं व्रत असतंय? देवबी इतका कठोर न्हाई." बायका हसल्या. पलीकडच्या पारूबाईंनी लगेच विचारलं, "माज्या बीपीच्या गोळीला पण चालंल का गं ह्ये? किती सोमवार धरायचं?"

मी पुन्हा म्हणाले, गोळीमुळेच ते आटोक्यात आहे, सोडली की पुन्हा वाढेल. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पारूबाई म्हणाल्या, "शुभ दिशी असं बोलू नये, पोरी." आणि वाढणं सुरू झालं. पुरणपोळी, त्यावर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया, भजी. आत्या वर्षाने सवाष्णींच्या पंगतीला बसल्या आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो मला बघवेना.

जेवण झाल्यावर ओट्या भरल्या. वाण म्हणून प्रत्येकीला खण, नारळ, आणि शिल्लक राहिलेल्या गोळ्यांमधलं एक एक पाकीट. माझ्याही हातात एक आलं, कुंकू लावलेलं. मी इतकी हादरले होते की सवयीने वाकून नमस्कारच केला.

तरीही निघताना मी बायकांना म्हणाले, ह्या गोळ्या खाऊ नका, प्रत्येकाला चालत नाहीत. पारूबाईंनी त्या कुंकवाच्या करंड्यात ठेवणार असल्याचं सांगितलं, तेव्हा थोडा धीर आला. तात्या बाहेर बसले होते. त्यांना म्हणाले, "तात्या, तुम्ही तरी सांगा ना." त्यांनी चंची उघडली.

दुसऱ्या दिवशी मी ते पाकीट मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. मग एकदम हसू गेलं. "म्हणजे काल डबा आला, त्या पुरणपोळ्या ह्याच्या होत्या?"

"हो."

"मी खाल्ल्या की गं," त्या म्हणाल्या आणि डोक्याला हात लावून बसल्या. "मी चालू ठेवा म्हणाले होते. त्यांनी आटोक्यात एवढंच ऐकलं."

मॅडमनी माझ्यासमोरच फोन केला. आत्या त्यांच्याशी फार आदराने बोलल्या, तुमी जेवायलाच यायला पायजे व्हतं, असंही म्हणाल्या. पण ऐकेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. उद्यापन झाल्यावर तेच व्रत पुन्हा धरलं, तर पहिल्याचं फळ जातं. मी रोज संध्याकाळी विषय काढायचे. भाच्याने फोनवरून समजावलं. त्याचा तर आवाज चढला होता. "तू घेतुयास ना? घी. तुजं अजून उद्यापन झालं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. पथ्यही सुटलं. तवंग पुन्हा त्यांच्या भातावर आला, आणि तो पाहिला की मला रिह्याचे ते दोन भाऊ आठवायचे. मी त्यांना कधी पाहिलेलं नसूनही.

भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. रविवार होता, मी जेवण घेऊन रानात गेले होते. आत्या विळा टाकून बांधावर बसलेल्या दिसल्या. आत्या बसलेल्या दिसणं हेच मुळात विचित्र होतं. "खांदा भरून आलाय," त्या म्हणाल्या. "जबड्यात पण कळ मारतीया." ऊन कोवळं होतं आणि त्या घामाने निथळत होत्या. मी डब्याचं झाकण उघडलं, तर त्यांनी आत पाहिलंच नाही.

मग मी ओरडले. मला आयुष्यात एवढं ओरडल्याचं आठवत नाही. नागपूरच्या भाऊंनी गाडी काढली, तात्या मागे त्यांना धरून बसले. पुण्याच्या वाटेवर भूगावच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा तात्या खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना नुसते हात जोडत होते, असं भाऊंनी नंतर सांगितलं.

आत्या वाचल्या. पुण्यातल्या दवाखान्यात हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडून त्यात जाळी बसवली. गोळी चालू असती तर हे झालंच नसतं का, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं खात्रीने कुणी सांगू शकत नाही, पण धोका नक्कीच बराच कमी राहिला असता.

दादा आणि मी भेटायला गेलो, तेव्हा आत्या उशीला टेकून बसल्या होत्या. लहान दिसत होत्या. नर्स गोळ्या घेऊन आली. आत्यांनी बाकीच्या घेतल्या, एक बाजूला ठेवली. पाकिटावरून त्यांनी ती ओळखली होती.

"ही न्हाई. हिचं उद्यापन झालंय माजं."

नर्सला काहीच कळेना. ती परत परत गोळी पुढे करत होती आणि आत्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मला रडू येऊ लागलं. एवढं होऊनही?

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून तात्या उठले.

"झालं तुजं उद्यापन," ते म्हणाले. "कबूल. त्याला कोण हात लावत न्हाई. ह्ये माजं हाय."

आत्यांनी ओठ उघडले. "तुमचं काय?"

"व्रत. तुला रोज गोळी द्यायचं. आजपासनं धरलंय."

दादा माझ्याकडे बघायला लागला. तात्यांना एवढी वाक्यं एका दमात बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

आत्यांनी नवऱ्याकडे संशयाने पाहिलं. "आन सोडलं काय? काय सोडल्याबिगर व्रत हुतंय व्हय?"

तात्यांनी कमरेची चंची काढली. खाटेखालच्या कचऱ्याच्या डब्यावर ती उलटी केली. तंबाखू, सुपारी, चुन्याची डबी, सगळं त्यात पडलं. मग त्यांनी नर्सच्या हातातलं पाकीट घेतलं, एक गोळी काढली आणि उरलेलं रिकाम्या चंचीत ठेवलं.

"पाणी कोण देनार?" आत्यांनी विचारलं.

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पाणी कुठे असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मी बाटली दाखवली. त्यांनी ती उघडली, पेल्यात पाणी ओतलं, अर्धं चादरीवर सांडलं. आत्यांनी तोंड उघडलं.

पुढच्या उन्हाळ्यात दादाला चाकणकडे काम मिळालं आणि आम्ही खोली सोडली. टेंपोत सामान चढवून झालं होतं. आत्या आल्या, बांधलेल्या पातेल्याचा दोर सोडला, झाकण उचललं. आत वाटेत खायला घेतलेला भात होता. त्यांनी नाक मुरडलं, आणि पदराआडून जवसाच्या चटणीची पुडी काढून त्यावर ठेवली. "कॉलेज संपल्यावर काय करनार हायेस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून ठरलं नाही. "ठरव," त्या म्हणाल्या, आणि दिवा लावायची वेळ झाली म्हणून घाईने आत गेल्या.

टेंपो वळत असताना मी मागे पाहिलं. ओट्यावर आत्या बसल्या होत्या. आतून तात्या येत होते, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला तांब्या धरून, पायांखाली बघत. त्यांनी तांब्या ठेवला, कमरेची चंची काढली, गोळी आत्यांच्या तळहातावर ठेवली.

"सांडलं बगा समदं," आत्यांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "आन ह्ये तुमचं व्रत हाय तरी कुटवर?"

तात्या काहीच बोलले नाहीत. त्यांनी चंची गुंडाळली, दोरी बांधली आणि पुन्हा कमरेला खोचली.